नोंद कुणाची, जबाबदारी कुणाची?

जाड कापडी पुठ्ठ्याच्या लेजरवर काम केलेले आमचे बहुतेक सभासद आता सेवानिवृत्त झाले आहेत. त्यांपैकी कुणालाही विचारा, लेजरमधील रकमेपेक्षा रकमेशेजारच्या बारीक सहीला त्या काळी अधिक मान होता असेच तो सांगेल. व्हाउचरवर क्रमांक, तारखेचा शिक्का, कारकुनाचे इनिशियल, अधिकाऱ्याची सही असे सारे असायचे. आकडा चुकला तर तो खोडून काळा करण्याची मुभा नव्हती. जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर नवा आकडा लिहायचा व बाजूला सही करायची. महिन्याचे बॅलन्सिंग जुळले नाही की त्या सह्यांचा माग काढत रात्री नऊ-दहापर्यंत बसावे लागे. रक्कम ही नोंद होती. ती कोणी लिहिली, कशावरून लिहिली, कोणी तपासली आणि केव्हा बदलली, ही त्या नोंदीविषयीची नोंद होती.

संगणकाच्या परिभाषेत या दुसऱ्या प्रकारच्या नोंदीला मेटाडेटा म्हणतात आणि तिच्या व्यवस्थेला डेटा गव्हर्नन्स असे भारदस्त नाव आहे. आम्ही तिला सरळ माहितीचा कारभार म्हणू. हा विषय संगणक विभागाचा, कामगार संघटनेच्या मुखपत्रात त्याचे काय काम, असे काही साथींना वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेल्या आरोपपत्रांच्या प्रती काढून पाहिल्या, तर त्यांतील मोठा भाग पैशाच्या अफरातफरीचा नाही, नोंदीचा आहे. चुकीचा मोबाइल क्रमांक जोडला, केवायसी अपूर्ण असता पूर्ण दाखवली, दुसऱ्याच्या पासवर्डने नोंद मंजूर केली, कर्जखात्याचा प्रकार बदलला, असे ते आरोप आहेत. ज्याच्या यूजर आयडीवर नोंद सापडते त्याची नोकरी जाते. ती नोंद तशी करण्याचा तोंडी हुकूम कोणी दिला, याची नोंद मात्र कुठेच नसते.

याला थोडा इतिहास आहे आणि त्यात आमच्या चळवळीनेही स्वतःकडे पाहण्यासारखे आहे. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली बँकांच्या यंत्रीकरणाचा आराखडा दिला. त्याआधीच, १९८३ साली, बँक कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला होता. पुढे १९९३ साली संगणकीकरणाचा करार झाला. त्या वाटाघाटींत यंत्रे किती, कोणत्या शाखांत, कोणत्या कामासाठी, यावर अटीतटीने भांडण झाले, आणि छाटणी होणार नाही हे आमच्या नेत्यांनी लिहून घेतले. ती लढाई योग्य होती आणि तिचे फळ एका संपूर्ण पिढीने खाल्ले. मात्र आम्ही टर्मिनल मोजत राहिलो. नोंद कागदावरून पडद्यावर गेली की तिची सही कुठे जाते, ती पाहण्याचा अधिकार कुणाला राहतो, हा प्रश्न त्या वेळी ना आम्ही विचारला ना व्यवस्थापनाने. कोअर बँकिंग आल्यावर लेजर शाखेतून उठून दूरच्या डेटा सेंटरमध्ये गेले आणि सहीच्या जागी लॉग आला. सही शाखेत, सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. लॉग व्यवस्थापनाच्या कुलपात आहे.

नोंदीच्या कारभाराची उपेक्षा केली तर काय होते याची मोठी उदाहरणे मुंबईतच घडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतील घोटाळा जाहीर झाला. पहिला आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता, पुढे तो १३,००० कोटींच्या वर गेला. परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्ट यंत्रणेतून जात होते, पण बँकेच्या स्वतःच्या कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच होत नव्हती. दोन यंत्रणा शेजारी शेजारी चालत होत्या आणि एकीचा दुसरीशी मेळ घालण्याची सोय नव्हती. लेजरच्या काळातल्या कोणत्याही हेडक्लार्कने विचारले असते, की बाहेर गेलेल्या पत्राचा जावक क्रमांक आपल्या वहीत कुठे आहे? रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीर केले, की ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा तिने बँकांना याबाबत गोपनीय सावधगिरीचा इशारा दिला होता. ही जोडणी करणे बँकांच्या वरिष्ठ व्यवस्थापनाचे काम होते, कोणत्याही शाखेतील कारकुनाच्या अखत्यारीतले नव्हते. मार्च २०१९ मध्ये स्विफ्टसंबंधी सूचना न पाळल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड केला, म्हणजे आजार एकाच घरचा नव्हता.

दुसरे उदाहरण पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे. ते आम्हांला अधिक लागते, कारण तिथे रांगेत उभे होते ते टॅक्सीवाले, छोटे दुकानदार, पेन्शनर आणि गृहनिर्माण सोसायट्या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सहा महिन्यांत खात्यातून अवघे १,००० रुपये काढता येतील असे ठेवीदारांना कळले. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, पण बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन होईपर्यंत लोकांचे हाल संपले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्याच कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांच्या ठेवीही तिथे अडकल्या, ही त्यातली कडवट गंमत. पोलिसांतील फिर्यादीनुसार एका बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती लपवण्यासाठी त्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती दाखवण्यात आली होती. बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्जे त्या एका समूहाकडे होती.

एकवीस हजार एकोणपन्नास! हा आकडा दोनदा वाचावा. इतकी खाती कुणी काउंटरवर बसून उघडली नाहीत. इतक्या लोकांचे फोटो, सह्या, पत्ते, जामीनदार कुठेच नव्हते. तपासनिसांसमोर गेली ती एक यादी. यादीतील ओळ मूळ कोणत्या अर्जातून, कोणत्या शाखेतून, कोणत्या तारखेच्या मंजुरीतून आली, ही तिची वंशावळ कुणी मागितली नाही. मागितली असती तर पहिल्या दहा ओळींतच बिंग फुटले असते. माहितीच्या कारभाराचा पहिला नियम हाच आहे, की अहवालातील प्रत्येक आकड्याला मागे मागे जात मूळ व्हाउचरपर्यंत पोचता आले पाहिजे. त्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरआधी, विचारण्याचा अधिकार असलेला माणूस लागतो. त्या बँकेचे सामान्य कर्मचारी मात्र महिनोन्‌महिने ठेवीदारांच्या शिव्या खात खिडकीवर बसले होते.

जगातल्या बड्या बँकांचीही याहून निराळी गोष्ट नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली तेव्हा आपले तिच्यात एकूण किती अडकले आहे, हे अनेक बँकांना चटकन सांगता येईना. त्यांच्या देशोदेशीच्या शाखांत एकाच ऋणकोची नावे निरनिराळी होती. त्यातून धडा घेऊन बासल समितीने जानेवारी २०१३ मध्ये जोखमीच्या माहितीसंबंधी १४ तत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकाने थकीत कर्जांचे वर्गीकरण ३० जून २०२१ पर्यंत पूर्णपणे यंत्राकडे सोपवण्याचे आदेश दिले. हे पाऊल स्वागतार्ह होते असेच आम्ही म्हणू. मार्चअखेरीस एखादे बड्याचे खाते थकीत दाखवू नका म्हणून शाखेवर येणारा फोन त्यामुळे निदान कमी व्हावा. यंत्राला फोन करता येत नाही. पण यंत्राला कोणत्या खात्याची नियत तारीख कोणती, हे अखेर माणूसच सांगतो, आणि फोन त्या माणसाला येऊ शकतो.

येथे आम्ही मुख्य मुद्द्याला येतो. माहिती बिघडते कशी? व्यवस्थापनाच्या प्रशिक्षण वर्गात याचे उत्तर ठरलेले असते: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. आमचा अनुभव वेगळा आहे. माहिती बिघडते ती टार्गेटमुळे आणि अपुऱ्या माणसांमुळे.

जुलै २०२३ मध्ये एका वृत्तसंस्थेने बँक ऑफ बडोदाच्या मोबाइल ॲपसंबंधी वृत्त दिले. ॲपवरील नोंदणीचे आकडे फुगवण्यासाठी ग्राहकांच्या खात्यांना भलत्यांचेच मोबाइल क्रमांक जोडले गेले, असे त्यात म्हटले होते. १० ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने त्या ॲपवर नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. ती मनाई मे २०२४ मध्ये उठली. मधल्या काळात अनेक कर्मचारी व अधिकारी निलंबित झाले. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक ही वरवर क्षुल्लक माहिती आहे. पण ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, म्हणजे खात्याची किल्लीच ती. ती परक्याच्या हाती देणे हा अक्षम्य प्रकार होय आणि तसे करणाऱ्याची आम्ही वकिली करणार नाही. परंतु रोज संध्याकाळी किती ॲप उतरवले हे विचारणारे व्हॉट्सॲप गट कोण चालवतो? ज्याच्या शाखेचा आकडा खाली राहिला त्याला सर्वांदेखत झाडणारी व्हिडिओ बैठक कोण घेतो? निलंबनाच्या यादीत टार्गेट ठरवणारे किती होते आणि टार्गेट भरणारे किती, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला. त्याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

आमच्या एका सभासदाची हकिकत सांगतो. बँकेचे नाव देत नाही. शाखेत मंजूर पदे सात, हजर माणसे चार. पैकी एक अधिकारी रजेवर. नियम असा की एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. दुसरा नाही आणि बाहेर पेन्शनरांची रांग. व्यवस्थापकाने आपला पासवर्ड कागदावर लिहून दिला, 'तूच कर दोन्ही' म्हणाला. आठ महिने सारे सुरळीत चालले. नवव्या महिन्यात एका खात्यात गडबड निघाली. लॉगमध्ये मेकर हा, आणि चेकरच्या आयडीवर व्यवहार झाला तेव्हा व्यवस्थापक जिल्ह्याच्या बैठकीत होता हेही उघड. मग पासवर्डचा गैरवापर केल्याचा ठपका आमच्या सभासदावरच आला. त्या शाखेत माणसे कमी असल्याची पाच पत्रे युनियनने पाठवली होती. चौकशी अधिकाऱ्याने ती 'प्रस्तुत विषयाशी संबंधित नाहीत' म्हणून बाजूला ठेवली.

या चौकशांत लॉगचा वापर कसा होतो, याकडे प्रत्येक बचाव प्रतिनिधीने लक्ष द्यावे. व्यवस्थापन लॉगमधील आपल्याला हव्या तेवढ्या ओळी छापून आणते. मागच्यापुढच्या ओळी, त्याच वेळी त्याच आयडीने दुसऱ्या कोणत्या यंत्रावरून काम चालू होते ती माहिती, अधिकारांत केव्हा व कोणी बदल केले त्याची नोंद, हे मागितले की 'सुरक्षेच्या कारणास्तव' नकार मिळतो. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट हा १८९१ चा कायदा. त्यात २००० साली कलम २-अ घातले गेले. न्यायालयात संगणकाचा उतारा द्यायचा तर सोबत शाखाप्रमुखाचे व संगणक यंत्रणेच्या प्रभारीचे प्रमाणपत्र लागते. यंत्रणेत अनधिकृत शिरकाव वा बदल होऊ नये म्हणून काय खबरदारी आहे, हे त्यात लिहून द्यावे लागते. खात्यांतर्गत चौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू नसतो, हे आम्ही जाणतो. तरीही नैसर्गिक न्याय लागू असतोच. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये निकाल दिला, की कर्जखाते फसवणुकीचे ठरवण्यापूर्वी कर्जदाराला नोटीस द्यावी, फॉरेन्सिक ऑडिटचे निष्कर्ष त्याच्यापुढे ठेवावेत आणि त्याचे म्हणणे ऐकावे. निकाल चांगलाच आहे. कोट्यवधींच्या कर्जदाराला जे मिळते ते चाळीस हजार पगाराच्या कारकुनाला मिळावे, इतकीच आमची माफक अपेक्षा.

ग्राहकाच्या बाजूनेही हा प्रश्न पाहिला पाहिजे, कारण आपले सभासद स्वतः ग्राहकही आहेत. दहा वर्षे ज्यांच्याकडे कुणी फिरकले नाही अशा ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात. फेब्रुवारी २०२३ अखेर सार्वजनिक बँकांनी वर्ग केलेली अशी रक्कम ३५,०१२ कोटी रुपये आणि खाती १० कोटींवर होती, असे सरकारने संसदेत सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये शोधासाठी उद्गम नावाचे पोर्टल निघाले. या पैशाचे मालक सगळेच काही बेपत्ता नाहीत. बऱ्याच ठिकाणी वारसाचे नाव लिहिलेले नाही, पत्ता चाळीतला जुना आहे, चाळ पडून तिथे टॉवर झाला आहे. कुठे लग्नापूर्वीच्या नावाने आईने उघडलेले खाते मुलांना ठाऊकच नाही. आमच्याकडे मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे. तामिळनाडूत आडनावाऐवजी आद्याक्षर. उत्तरेत बाईच्या नावापुढे नुसते देवी. मुंबईत बसून आखलेल्या अर्जावर पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन चौकोन असतात आणि साऱ्या देशाने त्यांत बसावे अशी अपेक्षा असते.

भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयाबाहेर हेच दृश्य अधिक भेसूर आहे. २०१४ साली प्रत्येक सभासदाला सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागला, हे चांगले झाले. पण ठेकेदाराच्या मुनशीने वीस वर्षांपूर्वी घाईत लिहिलेले नाव आणि आधारवरील नाव यांत रोमन लिपीतील एक अक्षर कमीजास्त असले, तरी हक्काचा पैसा अडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये संघटनेने दुरुस्तीची कार्यपद्धती ठरवली, तेव्हा दुरुस्त करता येण्याजोग्या बाबींची संख्या अकरा होती. नाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव, नोकरीस लागल्याची व सोडल्याची तारीख वगैरे. त्यासाठी मालकाबरोबर संयुक्त घोषणापत्र लागे. कारखाना बंद, मालक परागंदा, मग सही कुणाची आणायची? जानेवारी २०२५ पासून आधारशी पडताळणी झालेल्या बऱ्याच सभासदांना काही दुरुस्त्या मालकाविना करता येतात. एवढ्या साध्या गोष्टीला दहा वर्षे लागली. नोंद चुकवली मालकाने, आणि ती बरोबर असल्याचे सिद्ध करायचे कामगाराने, असा हा उलटा न्याय होता.

संमतीवाचून एक नोंद बदलली की काय होते, हे २०१७ साली दिसले. एअरटेल पेमेंट्स बँकेत लाखो मोबाइल ग्राहकांची खाती त्यांच्या नकळत उघडली गेली आणि आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात अनुदान जाते या नियमामुळे गॅसचे अनुदान तिकडे वळले. कुणी पैसे चोरले नव्हते. आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, ही एकच ओळ बदलली होती. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटींचा दंड केला.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यांतील बहुतेक बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. वृत्तपत्रांनी यावर पाने भरली. कलम ७ कडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा तिथे आहे. ग्राहकाच्या माहितीचा राखणदार म्हणून ज्याला उभे केले, त्याच्या स्वतःच्या माहितीला राखण नाही. किती वाजता लॉगिन झाला, किती मिनिटे जागेवर नव्हता, एका तासात किती नोंदी केल्या, हे सारे लॉगमध्ये आहेच. उद्या बदलीच्या अथवा सक्तीच्या निवृत्तीच्या यादीसाठी ते वापरले गेले तर आश्चर्य वाटू नये.

तेव्हा मागण्यांचा विचार आताच सुरू करणे भाग आहे. बँकांतील माहितीच्या कारभाराच्या समित्यांवर कर्मचारी प्रतिनिधी हवा. नोंद टेबलावर जन्मते, आणि तिथे काय शक्य आहे हे टेबलावरचा माणूसच जाणतो. केवायसीची शुद्धी, नावांची दुरुस्ती, जुन्या खात्यांची पडताळणी हे काम 'सवडीने' करायचे म्हणून खाली ढकलले जाते. त्याला स्वतंत्र वेळ, माणसे व प्रशिक्षण मिळाले पाहिजे. हे काम ठेकेदारामार्फत करून घेतले तरी जबाबदारी बँकेचीच राहते, हे रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२३ च्या आउटसोर्सिंग निर्देशांतही स्पष्ट आहे. मग ठेकेदाराच्या मुलाने केलेल्या चुकीची मंजुरी आमच्या सभासदाच्या आयडीवर का? बँकमित्रांचा प्रश्नही यात येतो. गावात हातयंत्र घेऊन फिरणारा तो तरुण हजारो खात्यांची माहिती हाताळतो, आणि त्याला ना नेमणुकीचे पत्र ना रजा. कोणतीही नोंद बदलण्याचा आदेश लेखी वा ईमेलने आल्यावाचून पाळू नये आणि न पाळल्याबद्दल कारवाई होऊ नये, हे करारात यायला हवे. चौकशीत बचाव प्रतिनिधीला संपूर्ण लॉग मिळण्याचे कलमही हवे.

बँकांतील १२ वा द्विपक्षीय करार ८ मार्च २०२४ रोजी झाला आणि त्याची मुदत ऑक्टोबर २०२७ अखेर संपते. पुढील मागणीपत्राचा मसुदा त्याआधी बराच काळ तयार करावा लागेल. सर्व राज्य शाखांनी आपल्या भागातील नोंदीसंबंधीच्या आरोपपत्रांच्या प्रती, सभासदाचे नाव झाकून, कार्यालयाकडे धाडाव्यात. सोबत त्या दिवशी शाखेत मंजूर पदे किती आणि हजर माणसे किती, हे अवश्य लिहावे.